जानूकाकांचं पान

"सर, ह्ये पान खोटं हाय," जानूकाका म्हणाले.

रविवारची सकाळ होती. मी ओटीवर दाढी करत बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच होता. जानूकाकांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी कादंबरी काढली, कागद नीट घडी करून बाजूला ठेवला आणि पुस्तक एकशे बेचाळिसाव्या पानावर उघडून माझ्यासमोर धरलं. त्या पानात त्यांनी एस.टी.चं तिकीट घालून ठेवलं होतं.

"बसा की आधी. चहा सांगतो."

"चहा नको. वाचा तुमी."

"काका, मीच लिहिलंय ते."

"म्हनून तर म्हनतो वाचा."

मी वाचलं नाही. पान मला तोंडपाठ होतं. पुण्यापासून नागपूरपर्यंत जिथे जिथे भाषणाला गेलो तिथे लोकांनी मला तेच पान वाचायला लावलं होतं. बायका डोळे पुसायच्या. कादंबरी येऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि दुसरी आवृत्ती छापायला गेली होती. माझ्या आधीच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या, त्यामुळे हे सगळं मला नवीन होतं आणि खोटं कशाला बोलू, फार आवडत होतं.

जानू डोर्लेकर माडवणच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. अलीकडे माडवण, पलीकडे कातळखोल. पूल झाला नव्हता, तेव्हा माणसं, कोंबड्या, सायकली, नवरानवरी सगळं त्यांच्या होडीतून पलीकडे जायचं. मी शाळेतली नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायचं ठरवलं आणि स्वस्त पडतं म्हणून माडवणात खोली घेतली. लिहिणं अडलं की धक्क्यावर जाऊन बसायचो. जानूकाका कमी बोलणारे. पन्नाशीचे, खांदे रुंद, आवाज हळू. त्या गावात त्यांना मान होता. पंचवीस वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, बाजाराच्या दिवशी, खाडीच्या तोंडाशी वाऱ्याने होडी उलटली होती. एकोणीस माणसं होती. सात गेली. चौघांना जानूने एकट्याने पोहून काठाला आणलं. गावाने त्यांना नारळ आणि शाल दिली होती. ती शाल मी त्यांच्या अंगावर कधी पाहिली नाही.

ही हकीकत मला गावात दहा जणांनी सांगितली. जानूकाकांनी वर्षभर एक शब्द सांगितला नाही. मग एकदा दुपारच्या भरतीला होडीत आम्ही दोघंच होतो. मधोमध आल्यावर त्यांनी वल्हं वर घेतलं आणि होडी तशीच सोडून दिली.

"तुमी लिवताय म्हनं त्याच्यावर."

"तुमची हरकत असेल तर नाही लिहिणार."

"हरकत नाय. पन लिवायचं तर समदं लिवा." पाण्याकडे बघत ते म्हणाले, "चौघांना आनलं त्ये खरं हाय. पाचवी सुमती व्हती. सुमती भाटकर. चौथं पोर काठाला ठेवलं आन परत फिरलो. ती पान्यात व्हती. तिनं माझा हात धरला. घट्ट धरला. ती मला खाली वढायला लागली. बुडनारा मानूस वढतोच. मला ठावं व्हतं काय करायचं त्ये. पाठीमागनं धरायचं. मी नाय केलं."

त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.

"मी तिची बोटं सोडवली. एकेक करून. लोक म्हनतात जानू दमला व्हता. मी दमलो नव्हतो, सर. मी भ्यालो व्हतो. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. 'जानू' म्हनाली. दोनदा म्हनाली."

होडी हळूहळू कातळखोलच्या बाजूला वाहत गेली होती. त्यांनी वल्हं परत पाण्यात घातलं.

"तिची पोर तेव्हा सा वर्षांची व्हती. हेमा. आता मास्तरीन हाय तालुक्याला. दर दिवाळीला फराळ घेऊन येती माझ्याकडं. काका म्हनती. पंचवीस वर्सं तिला सांगायचं म्हनतोय, तोंड उघडत नाय. तुमी लिवा. तुमच्या पुस्तकात आलं म्हंजे मी सांगितल्यागत व्हईल. ती वाचनारी हाय. ती वाचील."

मी त्यांना शब्द दिला. आणि लिहिलंही तसंच. पहिल्या खर्ड्यात ती बोटं होती, ते 'जानू' होतं, सगळं होतं. नाव तेवढं बदललं होतं.

पुण्याला देवधरांनी खर्डा वाचला. ते माझे प्रकाशक. जाणता माणूस होता. शेवटपर्यंत आनंदाने वाचत आलो म्हणाले, आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"खानविलकर, इथं तुमचं पुस्तक बुडतं. दीडशे पानं वाचकाला या नावाड्यावर प्रेम करायला लावलंत, आणि इथं तो बाईची बोटं सोडवतो? वाचक त्याला माफ करणार नाही. तुम्हालाही नाही करणार."

"पण ते तसंच घडलंय."

"घडलं असेल. मी घडलेलं छापत नाही, कादंबरी छापतो. तुमची तिसरी आहे. विचार करा."

मी त्यांच्याच कचेरीत, खिडकीशी बसून, एका दुपारी ते पान नव्याने लिहिलं. माझा नावाडी तिचा हात शेवटपर्यंत सोडत नाही. लाट त्यांना वेगळं करते. आणि हात सुटता सुटता ती म्हणते, 'माझ्या पोरीला सांग, मी तिचंच नाव घेत होते.' लिहून झालं तेव्हा माझेच डोळे भरून आले होते. देवधरांनी पान वाचलं, उठले आणि माझा हात हातात घेतला.

जानूकाकांना मी हे कळवलं नाही. पुस्तक मात्र सही करून पाठवलं.

तेच पुस्तक आता माझ्या मांडीवर होतं. गालावरचा साबण वाळत आला होता.

"काका, ती कादंबरी आहे," मी म्हणालो. "त्यातला माणूस म्हणजे तुम्ही नव्हे. नावसुद्धा तुमचं नाही."

"नाव नाय. पन समद्यांना ठावं हाय कोन त्ये."

"लोकांना आवडलंय ते. तुमच्याबद्दल आदर वाढलाय."

"तेच तर." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "हेमा आली व्हती परवा. दिवाळी नाय, काय नाय, अशीच आली. दारात आली आन माझ्या पायावर डोकं ठेवलंन. रडत व्हती. म्हनाली, काका, तुमी मला कवा सांगितलं नाय, आई माझं नाव घेत व्हती त्ये. माझ्या पायावर, सर. ह्या पायावर."

मी पुस्तक मिटलं.

"मी सांगतो म्हनलं तिला, तर म्हनाली, आता काय सांगू नका, पुस्तकात समदं हाय. आता तुमी चला माझ्यासंगट. तुमी लिवलंत, तुमीच सांगा. ह्ये मी मनानं लिवलं, एवढंच सांगा. पुढचं मी सांगीन."

"आज?"

"दहाची गाडी हाय."

नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही. दाढी उरकली, सदरा बदलला, मुंबईला न्यायची पिशवी उचलली आणि निघालो. गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. तासाभराच्या प्रवासात जानूकाका एकदाच बोलले. "तिला राग येईल. येऊ दे. यायला पायजे."

हेमलता शिरधनकर शाळेच्या मागच्या चाळीत राहायची. एकतीस-बत्तीस वर्षांची, सडसडीत, केसांचा साधा अंबाडा. नवरा परगावी नोकरीला होता. मुलगी अंगणात खेळत होती. मला बघून हेमा इतकी हरखली की तिला बसा म्हणायचंही सुचेना. आत जाऊन तिने माझं पुस्तक आणलं. त्याला तिने खाकी कागदाचं कव्हर घातलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, आणि वर सुंदर अक्षरात नाव लिहिलं होतं.

"वर्गातल्या मुलांना यातलं वाचून दाखवते मी," ती म्हणाली. "ते पान मात्र नाही. ते मला मोठ्याने वाचता येत नाही."

तिने पोहे केले. आम्ही खाल्ले. जानूकाकांनी बशी तशीच हातात धरली होती. शेवटी त्यांनी ती खाली ठेवली आणि घसा खाकरला.

"पोरी, सर तुला एक सांगायला आलेत. त्या पानाचं."

"मलाच त्यांना विचारायचं होतं," हेमा म्हणाली. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "सर, एक विचारू? राग मानू नका. लेखक मनचं पण लिहितात हे मला कळतं. मी शिकवते ना. आईचा एक फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. चेहरा आठवत नाही. आवाज तर नाहीच. लहानपणी मामाकडे होते तेव्हा कुणी तिचं नाव काढायचं नाही. ती शेवटी काय म्हणाली, कुणाचं नाव घेतलं, हे मला कुणीच कधी सांगितलं नाही. तुमच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचलं." तिने पुस्तकावर हात ठेवला. "ते तुम्ही काकांकडून ऐकून लिहिलंत ना? की मनचं आहे?"

जानूकाका माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ते बघत होते हे मला कळत होतं.

"ऐकून लिहिलं," मी म्हणालो.

"म्हणजे ती खरंच म्हणाली? माझं नाव?"

"हो."

हेमाने पदर तोंडाला लावला. तिची मुलगी खेळणं सोडून दारात येऊन उभी राहिली आणि आईकडे बघू लागली. जानूकाकांचा हात गुडघ्यावर होता, तो त्यांनी उचलला, परत ठेवला. त्यांचे ओठ हलले. मग ते उठले, अंगणात गेले आणि चपला घालून उभे राहिले.

परत येताना स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. मीच बोललो.

"काका, तुम्ही तिला पाहिलंत ना? कसं सांगणार होतो मी? तिच्याकडे आईचं दुसरं काहीच नाही."

"व्हय."

"पुढच्या आवृत्तीत बघू आपण. काहीतरी बदल करता येईल. निदान तिचं ते शेवटचं वाक्य..."

"नको, सर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "माझी एक व्हती गोष्ट. ती तुमाला दिली. आता ती माझ्याकडंबी नाय."

गाडी आली. माडवणच्या फाट्यावर ते उतरले. मी पुढे जाणार होतो, मला दुसऱ्या दिवशी मुंबईला कार्यक्रम होता. खिडकीतून मी हात केला. त्यांनीही केला.

त्या वर्षी कादंबरीला पुरस्कार मिळाला. तिसरी आवृत्ती निघाली, चौथी निघाली. ते पान तसंच राहिलं. मी माडवणची खोली सोडली, पुण्याला आलो, आणखी चार पुस्तकं लिहिली. पूल झाल्याचं आणि तर बंद झाल्याचं कुणाकडून तरी कळलं. माडवणला जायचं माझ्या मनात अनेकदा यायचं आणि प्रत्येक वेळी काहीतरी काम निघायचं.

मी हो का म्हणालो, याचं उत्तर बरीच वर्षं माझ्याकडे तयार होतं. दया आली म्हणून. एका पोरक्या मुलीला आई परत मिळाली होती, ती मी कशी काढून घेणार? हे मी स्वतःला सांगायचो, एकदोनदा मित्रांनाही सांगितलं, त्यांनी मान डोलावली. त्या खोलीत प्रत्यक्षात काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. ती विचारत असताना मला आनंद झाला होता. मी मनाने रचलेलं एक वाक्य एका बाईने इतकं खरं मानलं होतं की ती त्याच्यावर जगत होती. लिहिणाऱ्याला याहून मोठं काही मिळत नाही. ते तिच्या हातातून परत घ्यायची माझी तयारी नव्हती. दया मागाहून आली, स्टँडवर.

नऊ वर्षांनी जानूकाका गेल्याचं पत्र आलं. मी तेराव्याला पोचलो. त्यांची बायको, भागीकाकू, पडवीत बसली होती. मला तिने ओळखलं, बसायला पाट दिला. माणसं पांगल्यावर म्हणाली, "तुमची आठवन काढायचे."

"काय म्हणायचे?"

"काय नाय. सर भला मानूस, म्हनायचे. मनानं मऊ." तिने पदर सावरून घेतला. "तुमी दोघं हेमाकडं गेलावता ना, त्याच्यानंतर ह्ये परत गेलेवते. एकले. सांगून आले तिला."

"काय सांगितलं?"

"जे व्हतं त्ये. मला त्याच्या आधल्या दिवशी सांगितलंनी. लग्नाला सव्वीस वर्सं झालीवती, मलाबी ठावं नव्हतं." काकूने लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळला. "तिनं आयकलंन नाय. म्हनाली, काका, तुमी उगीच सोताला दोस लावून घेताव. सरांनी मला तोंडानं सांगितलंय. पुस्तक काढून दाखवलंन. ह्ये परत गेले, दुसऱ्या साली. परत तसंच. तिसऱ्यांदा गेले तवा तिची गाठच पडली नाय. मग फराळबी यायचा बंद झाला. ह्येंनी दिवाळीला दाराशी बसायचं सोडलं नाय."

मी तिथूनच तालुक्याची गाडी पकडली.

हेमा त्याच चाळीत होती. केस पांढरे व्हायला लागले होते. जानूकाका गेल्याचं तिला कळलं होतं, पण ती गेली नव्हती. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. होडीतली दुपार, पहिला खर्डा, देवधरांची कचेरी. ती बोटं. ते 'जानू'. शेवटचं वाक्य मी खिडकीशी बसून रचलं हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मी ती रडायची, ओरडायची वाट बघत राहिलो.

मग तिने विचारलं ते आईबद्दल नव्हतंच.

"म्हणजे काका खरं बोलत होते?"

"हो."

"तीन वेळा आले ते." ती खुर्चीवर बसली. "पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना जेवायला घातलं. समजूत काढली. म्हटलं, वय झालंय, मनाला लावून घेतात. दुसऱ्यांदा मी चिडले. म्हटलं, माझ्याजवळ एवढं एकच आहे, ते का काढून घेताय? तिसऱ्यांदा मी घरातच होते. मुलीला सांगितलं, आई बाहेर गेलीय म्हण. ते पायरीवर बसले. दुपारची गाडी गेली, संध्याकाळची गाडी जायची वेळ झाली तरी बसून होते. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी खिडकीच्या फटीतून बघत होते."

"हेमाताई, चूक माझी आहे. तुमचा काही..."

"तुम्ही का हो म्हणालात, सर?"

मी काहीतरी बोललो असेन. तुमच्याकडे बघून, तुमची अवस्था बघून, असं काहीतरी.

"माझ्याकडे बघून?" तिने मान वर केली. "मी एकतीस वर्षांची होते, सर. एका मुलीची आई होते. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, काकांना वाटेल ते बोलले असते. आणि मग त्यांच्याकडे गेले असते. गेलेच असते. त्यांच्याशिवाय माझ्या आईला शेवटचं बघितलेलं दुसरं कोण होतं?"

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. तिने उठून दार उघडलं आणि माझी वाट बघत उभी राहिली. मी चपला घातल्या.

पाचव्या आवृत्तीत मी पहिल्या खर्ड्यातलं पान घातलं. देवधर तेव्हा हयात नव्हते, त्यांचा मुलगा नाखुशीनेच तयार झाला. वाचकांची पत्रं आली, इतक्या सुंदर पुस्तकाचा शेवट का बिघडवलात म्हणून. एका समीक्षकाने लिहिलं की लेखकाला वयाबरोबर माणसातल्या चांगुलपणावर विश्वास राहिलेला दिसत नाही. हेमाला मी प्रत पाठवली, आत चिठ्ठी न घालता. काय लिहायचं ते सुचलं नव्हतं. तिचं उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी माडवणच्या एका ओळखीच्याने सांगितलं, की दिवाळीच्या पहिल्या दिवशी ती फराळाचा डबा घेऊन भागीकाकूकडे आली होती आणि दोघी संध्याकाळपर्यंत पडवीत बसून होत्या.

"काय बोलल्या?" मी विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "काकू सांगत व्हती आन ती आयकत व्हती."